एकसारख्या चुका

शेषगिरींनी सुष्माचा कागद रघूच्या कागदावर ठेवला आणि दोन्ही खिडकीच्या काचेवर दाबून धरले. तपासताना त्यांनीच केलेल्या लाल खुणा उजेडात बरोबर एकमेकींवर बसल्या. एकोणीस चुका, आणि एकोणीसही त्याच.

जयलक्ष्मीपुरमच्या त्या कचेरीत मराठी वाक्यांतला शब्द न् शब्द वेगळा काढला जाई: हे नाम, हे विशेषण, हे क्रियापद. एकच गठ्ठा दोघांना दोन खोल्यांत द्यायचा आणि मग पडताळायचा, अशी तिथली रीत. उत्तरं जुळली की सगळे खूश. पण चुकाही जुळाव्यात? शेषगिरी ताकही फुंकून पिणारे. इथे नक्की पाणी मुरत होतं.

तीन दिवस त्यांनी पाळत ठेवली. दोघांचे फोन सकाळीच आपल्या खणात ठेवून घेतले, चहाच्या वेळाही वेगळ्या केल्या. दोघं देवराज मोहल्ल्यातली, शिंप्यांच्या घरची, हे कळल्यावर तर त्यांची खात्रीच पटली. तरी चौथ्या दिवशीही 'आवडतं', 'दुखतं', 'सुचतं' दोन्हीकडे विशेषणांतच जाऊन पडले होते. शेषगिरींनी दोघांना काढून टाकायचं पत्र तयार केलं, कारणापुढे 'नक्कल' लिहिलं आणि आधी सुष्माला बोलावलं.

ती येऊन उभी राहिली. हे काम गेलं तर तिला पुन्हा काजंबटणं करायला बसावं लागणार होतं, आणि सुईत दोरा ओवण्याइतकी नजर आता उरली नव्हती. पत्र तिला उलटंही वाचता आलं.

"कोण कोणाचं बघून लिहितंय, सुष्माबाई?"

"कोणीच नाही, सर."

"मग 'दुखतं' विशेषण कसं झालं?"

"हुकूम सोडून बघितलं, सर. बस म्हटलं की माणूस बसतो, ये म्हटलं की येतो. ते क्रियापद. खरं 'दुख' म्हटलं म्हणून कुठं काय दुखतंय? नाम पण नाही, मग उरलं विशेषणच की."

शेषगिरींनी चष्मा काढला.

"हे कोणी शिकवलं?"

"विठोबाच्या देवळात, लहानपणी. उन्हाळ्याच्या सुट्टीत कॉलेजातले एक अण्णा सायकलवर येत होते. आम्ही सगळी कन्नड शाळेतली पोरं. मराठी व्याकरण आलं ते तेवढंच, बघा. रघू पण होता की तिथं."

त्या सायकलची साखळी दर दोन दिवसांनी निसटायची. मग काळ्या हातांनीच शेषगिरी देवळाच्या पायरीवर बसायचे, आणि पोरं 'ऊठ, पळ, नाच' ओरडत देऊळ डोक्यावर घ्यायची. आपली युक्ती किती नामी, असं तेव्हा त्यांना वाटायचं. आता मात्र लाजेनं त्यांचे कान तापले.

"पहिल्याच दिवशी का नाही सांगितलं?"

"तुम्ही हे असे संशयी. ओळख काढून काम मागतेय म्हणाला असता."

शेषगिरींनी पत्राची घडी घातली, मग तिचे चार तुकडे केले. खणातले दोन्ही फोन काढून त्यांनी टेबलावर ठेवले.

"एका मुलीनं विचारलं होतं," ते हळूच म्हणाले, "मग 'आवडतं'चं काय, म्हणून. मला येत नव्हतं. मी तिला गप्प बसवलं."

"हौदु, होय सर," सुष्मा म्हणाली. "मीच ती."

"रघूला बोलाव," ते म्हणाले. "तेवढं उत्तर माझ्याकडे राहून गेलंय."