निळी टिकली

“तेहतीस नंबर नापास, साहेब.” संघपालने सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढला आणि निळी पेन्सिल खिशात ठेवली. “एकोणचाळीसबी. आन् त्याच्या पुढचे सात.”

ऋतुराज दारातूनच बोलला. “बारा वाजता तात्यासाहेब अंडी वाटायला येतायत. पाचोडची माणसं सकाळपासून मांडवात बसलीत. आणि तुम्ही आता नंबर वाचून दाखवता?”

हा ऋतुराज संस्थेचा व्यवस्थापक आणि अध्यक्ष तात्यासाहेबांचा पुतण्या. संस्थेतल्या सगळ्या वडीलधाऱ्यांना तो काका म्हणे. संघपालला संघपाल म्हणे.

औरंगपुऱ्यातल्या या रेशीम संस्थेत संघपाल बत्तीस वर्षे एकच काम करत आला होता. अंडी घालून झालेली पतंगमादी खलात घालायची, दोन थेंब द्रावण टाकून कुटायची आणि तो रस काचेवर घेऊन पाहायचा. रसात तांदळाच्या कणीसारखे चकाकते बीजाणू दिसले, की आईचा रोग अंड्यांत उतरला म्हणून समजायचे. तिचे पुंज, म्हणजे कागदावर घातलेले अंड्यांचे झुबके, भट्टीत टाकायचे. दिसले नाहीत, तर पुंजाच्या कागदावर निळ्या पेन्सिलीची टिकली. रेशीमकिडे पाळणाऱ्या पाचोडच्या बाया प्रमाणपत्र वाचत नसत. टिकली पाहून पुंज नेत. आईचे प्रेत कुटून लेकरांचे भवितव्य सांगणाऱ्या या विद्येची संस्थेच्या दप्तरी नोंद ‘शिपाई’ अशी होती.

“म्या तव्हाच सांगितलं व्हतं, डाग लपवू नका म्हणून,” संघपाल म्हणाला.

त्याने खरेच सांगितले होते. मागल्या महिन्यात संस्थेच्या अळ्यांच्या शेडवर पाहुणे यायचे होते आणि काही अळ्यांच्या अंगावर मिरपूड भुरभुरावी तसे काळे ठिपके उठले होते. ऋतुराजने डागी अळ्या तेवढ्या वेचून फेकायला लावल्या. पाहुण्यांनी पांढऱ्याशुभ्र अळ्या पाहिल्या आणि स्वच्छतेची वाखाणणी केली.

अळीचे शरीर आपल्यासारखे नसते. तिला लस टोचता येत नाही. कालचा शत्रू आज ओळखून काढणारी आपल्यासारखी प्रतिद्रव्ये तिच्याकडे नाहीत. शत्रू आत शिरला, की तिच्या अंगद्रवातल्या पेशी त्याला घेरतात आणि तिथल्या तिथे काळ्या कवचात गाडू पाहतात. डाग म्हणजे ती लढाई. या रोगाचे बीजाणू पेशींच्याच पोटात दडतात, म्हणून बहुधा ती हरते. पण लढल्याचे अंगावर लिहून ठेवते. डाग ही अळीने दिलेली फिर्याद होती आणि ती साऱ्या शेडच्या वतीने होती. फिर्यादी उचलून फेकले, शेड निर्मळ ठरली. रोग आत ठेवून वरून उजळ राहिलेल्यांनी कोष विणले, पतंग झाल्या, अंडी घातली.

“थोडाफार रोग अळी पचवते हो,” ऋतुराज म्हणाला. “सोबत इम्युनिटीची पावडर देतोच आहोत आपण, फुकट.”

“आईच्या पोटातून आलेलं पावडरीनं जातं का, साहेब?”

“तुम्ही शास्त्रज्ञ आहात का?”

“नाय. मी कुटणारा हाय.”

ऋतुराजने कोपऱ्यातल्या मुलीकडे पाहिले. “मोनिका, सगळ्या कागदांवर ‘रोगमुक्त’चा शिक्का मार.”

मोनिकाला लागून दोन महिने झाले होते. अजून ती कायम व्हायची होती. तिने आधी संघपालकडे पाहिले, मग शाईच्या गादीकडे. शिक्क्याचा आवाज सुरू झाला.

“चाव्या ठेवा, संघपाल. पाच महिने राहिलेत तुमचे. मांडवात पाणी वाटा, आणि सुखानं रिटायर व्हा.”

निवृत्तीच्या कागदांवर तात्यासाहेबांचीच सही लागणार होती. संघपालने चाव्या ठेवल्या आणि तांब्या उचलला.

बाहेर ऑक्टोबरचे ऊन पत्र्याच्या मांडवाला भाजत होते. तात्यासाहेबांनी भाषणात ‘रोगमुक्त’ हा शब्द अकरा वेळा उच्चारला. मग पहिले नाव पुकारले. मनकर्णाबाई उठल्या. पुंजांना उन्हाची झळ सोसत नाही, म्हणून त्यांनी टोपलीवर ओले फडके आणले होते. तात्यासाहेबांनी कागद हाती दिला. मनकर्णाबाईंनी तो उलटसुलट करून पाहिला.

“टिकली कुठंय?”

“आजी, शिक्का आहे की,” ऋतुराज हसला. “इकडं बघा, फोटो काढायचाय.”

मनकर्णाबाईंनी तिकडे पाहिलेच नाही. त्यांची नजर मांडवाच्या कडेला गेली. “संघपालभाऊ, घेऊ का?”

माईक चालू होता. प्रश्न गुलमंडीच्या रस्त्यापर्यंत गेला असावा. संघपालच्या हातातला तांब्या जड झाला. पाच महिने, एक सही. त्याने तात्यासाहेबांकडे पाहिले, मग कागदाकडे. कोपऱ्यात आकडा होता, तेहतीस.

“नगं, अक्का. एकदा शेडात शिरलं, की लवकर निघायचं नाय.”

“याला मांडवात कुणी सोडलं रे?” तात्यासाहेबांनी हसतच विचारले. त्या हसण्यातच संघपालला आपले पाच महिने कळले.

मनकर्णाबाईंनी कागद टेबलावर ठेवला, अंड्यांची बाजू वर करून, एकही दुखावणार नाही असा. रिकामी टोपली घेऊन त्या संघपालशेजारी येऊन उभ्या राहिल्या. ओले फडके त्यांनी काढले नाही.

रांगेतला फकिरा पुढे झाला. “मला द्या. शिक्का हाय नव्हं, मंग लई झालं.”

फोटो निघाला. फकिरा कागद सांभाळत खाली उतरला आणि संघपालसमोर कोरडे फडके धरले. “भाऊ, येवढं भिजवा की. ऊन लई हाय.”

“फकिरा, नेऊ नगंस.”

“तुमचं अन् सायबाचं काय आसंल ते तुमी बघा. पाणी टाका.”

संघपालने तांब्या खाली ठेवला.

फकिराने क्षणभर त्याच्याकडे पाहिले. मग स्वतःच पिंपाशी जाऊन फडके भिजवले, घट्ट पिळले, तान्ह्या लेकराला लपेटावे तसे तेहतीस नंबरचे पुंज त्यात लपेटले आणि अंगाची सावली त्यांच्यावर धरून पाचोडच्या गाडीकडे निघाला.