डबल बेल मिळाल्याशिवाय

मी निर्लेखित संगणक बोलतोय. निर्लेखित म्हणजे कागदोपत्री मेलेला. उदगीरच्या एका कचेरीत मी अकरा वर्षं नोकरी केली. त्यातली नऊ नव्या जिल्ह्याच्या प्रस्तावात गेली आणि दोन टँकरच्या तक्त्यांत. प्रस्ताव दर वर्षी नव्याने टाइप व्हायचा. तालुक्यांची नावं तीच, तारीख तेवढी बदलायची. जिल्हा काही झाला नाही. माझा पंखा मात्र घरघर करू लागला, आणि कचेरीत आवाज करण्याचा मान फक्त साहेबांना असल्यामुळे मला लिलावात काढलं.

मला शिवलिंगने घेतलं. तो गावात संगणक दुरुस्त करतो. माझी मेमरी वाढवून, खेळांसाठी लागतं ते कार्ड बसवून त्याने मला आपल्या वडिलांच्या खाटेसमोर ठेवलं.

वडील रेवणप्पा हे एसटीचे ड्रायव्हर. उदगीर-मुखेड-नांदेड रस्त्यावर बत्तीस वर्षं गाडी चालवली आणि कुणाला खरचटलं नाही. विनाअपघात सेवेचा बिल्ला ते अजून सदऱ्याला लावतात, घरात बसतानासुद्धा. लातूरला आगगाडीने पाणी येऊ लागलं त्या दुष्काळी साली त्यांची डावी बाजू लुळी पडली. पाय हळूहळू परत आला, हात आला नाही. डॉक्टर म्हणाले, हाताला काम द्या, नाहीतर तो कायमचा जाईल. रबरी चेंडू दाबायला दिला, तर रेवणप्पांनी तो खाटेखाली टाकला आणि भिंतीकडे तोंड केलं. असे दोन महिने गेले.

ड्रायव्हर माणूस बस बघून तरी तोंड इकडे वळवील, असं पोरांना वाटलं. बस चालवायचा एक खेळ निघाला होता. शिवलिंगने तो माझ्यात घातला. त्याच आठवड्यात त्याची थोरली बहीण महानंदा लातूरहून तोच खेळ घेऊन आली, पण कन्सोलवरचा. ते यंत्र टीव्हीला जोडायचं आणि त्याचं रिमोट दोन्ही हातांत धरून खेळायचं. नको असलं तर आठ दिवसांत खोक्यासकट परत करा, असं दुकानदाराने सांगितलं होतं.

पाहुणा काळा, सडपातळ, बिनआवाजाचा. अनुभव शून्य. मला तो आवडला नाही, हे लपवत नाही.

"तुझं हे सरकारी डबडं चालू व्हईस्तोर माझ्यावरची बस नांदेडला पोचती," महानंदा म्हणाली.

"पोचती की अक्का, पण खांबाला धडकून. अप्पाचा एकच हात चालतो."

आणि तसंच झालं. कन्सोलवर बस वळवायची डाव्या अंगठ्याने. पहिल्या दिवशी रेवणप्पांची बस स्टँडातून निघाली ती सरळ रसवंतीत शिरली. दुसरी खांबाला भिडली. त्यांनी रिमोट खाली ठेवलं आणि उजव्या हाताने बिल्ला झाकून घेतला. ते शिवलिंगला बघवलं नाही. त्याने पाहुण्याला खोक्यात घातलं आणि माझ्या सगळ्या कळा उजव्या अंगाला लावून दिल्या. रेस, ब्रेक, वळण, हॉर्न, सगळं एका हातात.

पुढचे सात दिवस माझ्या आयुष्यातले सर्वांत चांगले. नऊ वर्षं प्रस्ताव टाइप करून मी जागचा हललो नव्हतो. या माणसाने मला हिंडवलं. काय ते गाडी चालवणं! थांबा आला की थांबायचे, म्हातारा पॅसेंजर चढला की तो बसेपर्यंत गाडी हलवायचे नाहीत. खेळात एक नदी होती, काठोकाठ भरलेली. पुलावर ते रोज गाडी उभी करायचे. मागे मोटारी भोंगे वाजवायच्या. "बघू द्या की पाणी पॅसेंजरला," एवढंच म्हणायचे.

एक अडचण होती. खेळात कंडक्टर नव्हता, आणि डबल बेल मिळाल्याशिवाय रेवणप्पांनी कधी गाडी काढली नव्हती. ते गिअर टाकून नुसते बसून राहायचे. तेव्हा त्यांच्या पत्नी सिद्धम्मांनी देवघरातली घंटा आणली. थांब्यावर एकदा वाजवायच्या, निघायला दोनदा. नवऱ्याला सरकारी पद्धतीने हलवायची संधी त्यांना प्रथमच मिळत होती आणि ती त्या मन लावून वापरत होत्या.

आठव्या दिवशी महानंदा खोकं न्यायला आली. रेवणप्पा तयार बसले होते. स्क्रीनवर बस भरली. बेल आली नाही.

त्यांनी हॉर्न दिला. सिद्धम्मा घंटा मांडीवर घेऊन बसून राहिल्या.

"बेल दे की."

"तुमचा डावा हात कुटं हाय?"

रेवणप्पांनी खाली पाहिलं. हात शालीखाली होता. सात दिवस तिथेच होता. मला दिसत होता, पण मी बोललो नाही, कारण माझं चांगलं चाललं होतं.

"दोन्ही हात लागल्याबिगर गाडी निघत न्हाई," सिद्धम्मा म्हणाल्या. "कंडक्टर मी हाय."

शिवलिंग काही म्हणायला गेला, पण महानंदाने त्याचा दंड धरला. रेवणप्पांनी उजव्या हाताने डावा हात उचलला आणि माझ्या कळांवर आणून ठेवला. तो तिथे पडून राहिला. त्याला द्यायला माझ्याकडे एकही काम नव्हतं.

मग त्यांनी सदऱ्याचा बिल्ला काढून सिद्धम्मांच्या हाती दिला.

"शिवलिंग, हे बंद कर. लातूरचं लाव."

त्या दिवशी त्यांच्या बसला अकरा अपघात झाले. बाराव्या वेळी ती वळली, फारशी नाही, पण वळली. बत्तीस वर्षांचा निष्कलंक ड्रायव्हर पोराबाळांसमोर खांबांना धडकत होता आणि प्रत्येक वेळी बेल मागून पुन्हा निघत होता. मी कचेरीत बरीच मोठी माणसं पाहिली. चुकलं की ती फाईल दुसऱ्याच्या टेबलावर सरकवत. असा माणूस मी पाहिला नव्हता.

पाहुणा घरात राहिला, मी कोपऱ्यात गेलो. शिवलिंग माझ्यावर लोकांचे अर्ज टाइप करतो. गेल्या महिन्यात नव्या जिल्ह्याचं निवेदनही आलं. तालुक्यांची नावं तीच होती.

आज मात्र रेवणप्पा काठी न घेता माझ्यासमोर येऊन बसले. त्यांनी शिवलिंगला माझ्या कळा दोन्ही हातांना वाटून लावायला सांगितल्या आहेत. सदऱ्यावर बिल्ला नाही. तो अजून सिद्धम्मांकडे आहे. त्यांनी हात पुढे केला आणि माझं बटण दाबलं. बोट डाव्या हाताचं होतं.

पंखा घरघरू लागलाय. सिद्धम्मा घंटा घेऊन मागे उभ्या आहेत. बाई, एवढ्यात बेल देऊ नका. मला सुरू व्हायला चार मिनिटं लागतात. जिल्ह्यासाठी इतकी वर्षं थांबलात, माझ्यासाठी तेवढं थांबा.