जाऊबाई बोलल्या की सासूबाई गप्प

अतिदक्षता विभागातल्या कोपऱ्यातल्या खाटेवरच्या बाईंचा प्राणवायू उतरला आणि यंत्राची धोक्याची घंटा वाजली नाही. उशाशी बसलेल्या लेकीने आईचे ओठ निळे पडलेले पाहिले आणि आरडाओरडा केला, म्हणून परिचारिका धावल्या. बाई वाचल्या.

घंटा वाजवणारा प्रोग्राम सांभाळणाऱ्या मुलीला इस्पितळाचा फोन आला. संध्याकाळपर्यंत दोष दुरुस्त झाला नाही, तर ती खाट बंद. विभागात दुसरी खाट रिकामी नव्हती. बाईंना साध्या वॉर्डात हलवावं लागणार होतं आणि तिथे घंटाच नव्हत्या.

प्रोग्राम दोन मित्रांनी लिहिलेला. एक वारला होता. दुसरा निवृत्त. सगळ्यांच्या चुका काढायचा म्हणून ऑफिसात त्याला मास्तर म्हणत. दोघांनी प्रोग्रामच्या भागांना गमतीने नात्यांची नावं दिली होती. घंटा वाजवते ती सासूबाई. बोटावरचा चिमटा निसटल्यामुळे वाजू पाहणारी खोटी घंटा पकडते ती नणंद. आणि मध्येच एक अट: जाऊबाई बोलल्या की सासूबाई गप्प. पुढेमागे खुलासा नाही, नुसती आकडेमोड. नोकरीला लागल्यावर ती ओळ वाचून मुलगी पोट धरून हसली होती. सगळेच हसत.

आज त्याच ओळीने घंटा अडवली होती. मुलीने ती काढून चाचणी घेतली, तर सगळ्या खाटांच्या घंटा एकदम कोकलू लागल्या. अशा गोंगाटात खरी घंटा कोणाला कळणार? तिने ओळ परत घातली आणि लॅपटॉप घेऊन मास्तरांचं घर गाठलं.

"ये, ये! जाऊबाई नांदतायत ना अजून?"

"हसू नका मास्तर. ही जाऊबाई म्हणजे नक्की काय?"

"अगं, माझ्या दोस्ताची वहिनी. म्हणजे त्याच्या बायकोची जाऊ. अशी तोंडाळ, की ती बोलायला लागली की सासूसुद्धा..."

"तो किस्सा नको. ही ओळ काय करते?"

मास्तरांनी चष्मा चढवला. पडद्यावर बोट ठेवून एकेक ओळ खाली उतरू लागले. बोट जाऊबाईपाशी थांबलं, मागे गेलं, पुन्हा तिथेच आलं. हसू कधीच ओसरलं होतं.

"हे त्याचं आहे," ते म्हणाले. "मला समजावलं होतं त्यानं. पटलंही होतं."

"मग लिहून का नाही ठेवलं? एक ओळ!"

"दोघांनाही माहीत होतं ना गं. तिसरं कोण वाचणार होतं?"

मास्तर पुन्हा वरून वाचू लागले. उजेड कमी झाला तरी दिवा लावायचं कोणाला सुचलं नाही. फोन वाजला. पलीकडून विचारलं, "मॅडम, काय करायचं?"

"हलवा त्यांना," ती म्हणाली.

मास्तरांनी मान वर केली नाही.

तिथेच बसून तिने कोपऱ्यातली खाट प्रोग्राममधून वगळली. जाऊबाईचं नाव तरी बदलावं असं तिच्या मनात आलं, पण नीट नाव द्यायला अर्थ कळायला हवा होता. मग तिने त्या ओळीच्या वर, यंत्र वाचत नाही आणि फक्त माणसं वाचतात अशी एक टीप लिहिली: "हिला हात लावू नका. कारण माहीत नाही."

साध्या वॉर्डात बाईंची लेक भिंती न्याहाळत होती.

"सिस्टर, इथे घंटा कुठेय?"

परिचारिकेने चादर नीट केली. "तुम्ही आहात ना," ती म्हणाली. "झोपू नका."