खुर्चीत बसलेला दादा

रविवारी सकाळी साडेनवालाच हॉल गच्च भरला होता. फर्निचरच्या दुकानावरचा हा दुसरा मजला. पूर्वी इथे जिम होती. तेव्हाचे भिंतीभरचे आरसे आता पांढऱ्या पडद्यांनी झाकले होते. समोर मंचावर एक लाकडी खुर्ची, रिकामी. तिच्यापासून दहा फुटांवर, जमिनीत स्क्रू मारून पक्कं बसवलेलं एक आसन आणि त्याला डोकं टेकायला उशी. आसनावर जो बसेल त्याचं गेलेलं माणूस समोरच्या खुर्चीत येऊन बसतं आणि बोलतं, अशी ख्याती गावभर पसरली होती. म्हणून या बुवाला सगळे खुर्चीबाबाच म्हणत.

"डोकं उशीला टेकलेलं हवं, माई," खुर्चीबाबा मधाळ आवाजात सांगत होता. "मान हलली की कंपनं तुटली! आत्म्याची फ्रिक्वेन्सी फार नाजूक असते. विज्ञान आत्ता कुठे निघालंय तिकडे जायला. आपण जाऊन, चहा पिऊन परत आलोय!"

लोक भक्तिभावाने हसले. धाकटी नाही हसली. आसनावर तिची आई बसली होती.

धाकटीचं कपडे अल्टर करायचं छोटंसं दुकान होतं. घरात दोनच भावंडं, दादा आणि ती. दादा आठ महिन्यांपूर्वी रस्त्यावरच्या अपघातात गेला. शेजारणीच्या नादाने आई या हॉलमध्ये यायला लागली आणि मग येतच राहिली.

दिवे मंद झाले. अख्खा हॉल चिडीचूप. मग एक कुजबुज आली, अगदी हलकी.

"आई... आलो गं मी."

आईचा चेहरा उजळला.

"सुया बंद केल्यास ना, आई? तू टोचून घेतेस आणि लागतात मला. इथे वर."

"केल्या रे राजा, केल्या!" आई हुंदके देत म्हणाली. "पाच आठवडे झाले, एक घेतली नाही."

धाकटी उजव्या भिंतीला टेकून उभी होती. आवाज तिला खुर्चीतून नव्हे, शेजारच्या पडद्यातून आल्यासारखा वाटला. पण आजूबाजूचे सगळे खुर्चीकडे बघून हात जोडत होते. आपलेच कान वाजले असतील, म्हणून ती गप्प बसली.

"बघितलंस ना? खुर्चीतनं बोलला!" बाहेर पडताना आई म्हणाली.

"हो," धाकटी म्हणाली. त्या 'हो'बद्दल पुढे तिने स्वतःला हजार शिव्या घातल्या.

घरी आल्यावर तिने आईच्या पायाचं बँडेज सोडलं. आईला पंधरा वर्षांचा मधुमेह. चपलेने लागलेली साधी जखम, ती आता अंगठ्यावर काळी पडत चालली होती. डॉक्टरीणबाईंनी आदल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं होतं, "इन्शुलिन आजच्या आज सुरू व्हायला हवं. आणखी आठवडा गेला तर मी अंगठ्याची खात्री देत नाही, आणि नंतर पायाचीही नाही."

"आई, पाया पडते तुझ्या. एक इंजेक्शन घे."

"पोटच्या पोराला टोचून मी जगू होय गं?" आईने पाय ओढून घेतला. "जा, तुझं काम कर."

धाकटीच्या डोक्यात तिडीक गेली. मेलेल्या भावाच्या नावाने जिवंत आईला मारतायत हे लोक! पण करणार काय? आईचा त्या हॉलचा नाद सोडवायचा तर घरात तिचा जीव रमायला हवा. आईला जुने सिनेमे भारी आवडायचे, आणि टीव्हीवरचे संवाद नीट ऐकू येत नाहीत अशी तिची कायमची तक्रार. त्यासाठीच दादाने होम थिएटर आणलं होतं. जायच्या आधी चार दिवस. खोकी अजून पलंगाखालीच होती.

सोमवारी दुपारी तिने ती बाहेर ओढली. आईग्ग! पाच स्पीकर, एक अवजड ठोकळा, वायरींची भेंडोळी. शिलाई मशीन डोळे मिटून खोलणारी बाई, पण इथे कुठली वायर कुठे जाते काही समजेना. "पाचांचं पुढे बघू, आधी दोन तर बोलू देत," असं म्हणून तिने पुढचे दोनच घेतले. टीव्ही दुसऱ्या भिंतीवर होता, तिथवर वायर पोचेना. म्हणून ते लोखंडी कपाटाच्या दोन बाजूंना स्टुलांवर ठेवले आणि मोबाइलवरच्या बातम्या लावल्या.

आवाज आला, पण कसला! पोकळ, पातळ. कुठून येतोय पत्ताच नाही. एकदा वाटे छतातून, एकदा आपल्याच कवटीतून. "फुटकं निघालं की काय मेलं!" म्हणत ती मागे वाकली, तर एका स्पीकरला लाल वायर लालच्या जागी आणि दुसऱ्याला काळ्याच्या. म्हणजे एक बाही सरळ आणि एक उलटी जोडलेली! तिने वायरी बदलल्या. माहितीपत्रकातल्या चित्रात दोन स्पीकर आणि ऐकणाऱ्याची खुर्ची सारख्या अंतरावर दाखवली होती. गळ्यातली टेप काढून तिने अंतरं मोजली, इंचाचाही फरक ठेवला नाही, आणि बरोबर मध्ये बसली.

बातमीदार बाई कपाटातून बोलायला लागली.

डावीकडून नाही, उजवीकडून नाही. कपाटाच्या दाराच्या मधोमध, समोर उभी राहून बोलावी तशी. धाकटीने उठून चक्क कपाट उघडलं. आत कपडे. परत बसली, बाई परत कपाटात. हातभर उजवीकडे सरकली, तर बाई टुणकन उडी मारून उजव्या स्पीकरमध्ये. मधे आली, की पुन्हा कपाटात.

धाकटी जागच्या जागी थिजली. जमिनीत स्क्रू मारलेलं आसन. डोकं उशीला. मान हलवायची नाही. आणि आपल्याला आवाज आला होता उजव्या पडद्यातून!

"अरे चोरा," ती मोठ्याने म्हणाली. "सापडलास."

पण आईला नुसतं सांगून भागणार नव्हतं. आई म्हणाली असती, यंत्र वेगळं आणि माझा मुलगा वेगळा. खरं सांगायचं तर धाकटीलाही नुसतं सांगायचं नव्हतं. तिला त्या माणसाची भर हॉलमध्ये सालटी काढायची होती.

आठवडाभर आई सुईला नाहीच म्हणत राहिली आणि धाकटी गिऱ्हाइकांना एकच प्रश्न विचारत राहिली, "त्या हॉलमध्ये तुम्हाला आवाज कुठून ऐकू आला हो?" सगळे आधी खुर्चीच म्हणत. मग निवृत्त मुख्याध्यापक पँटची उंची कमी करून घ्यायला आले. इकडेतिकडे बघत, आवाज खाली आणून ते म्हणाले, "खरं सांगू? मला डाव्या पडद्यातून आला. वाटलं, आपली श्रद्धा कमी पडली. कुणाला बोलू नका."

"सर, तिथे प्रत्येक जण हेच मनात ठेवून हात जोडतोय!"

सरांचा चेहरा लालबुंद झाला. पस्तीस वर्षं पोरांना प्रश्न विचारायला शिकवलेला माणूस! "पुढच्या रविवारी मी येतो," ते म्हणाले, "आणि मागच्या खोलीच्या दारापाशी उभा राहतो. बोलणारा कुठेतरी बसला असणारच."

रविवार उजाडला. तोच हॉल, तीच गर्दी. दारातल्या नोंदणीच्या टेबलावरच्या गोड ताईंनी नेहमीसारखा आईचा हात हातात घेतला, पाठ थोपटली, आठवडाभराची विचारपूस केली आणि त्या आत गेल्या. आई आसनावर टेकली.

"आई... आलो गं."

धाकटी तडक मंचावर चढली आणि खुर्ची उचलली.

"ओ ताई! हात लावू नका!" खुर्चीबाबा किंचाळला. "तिच्यात आत्मा बसलाय!"

"मग जरा फिरवून आणते त्याला," धाकटी म्हणाली आणि खुर्ची खांद्यावर घेऊन पार हॉलच्या दरवाजापाशी नेऊन ठेवली.

तेवढ्यात पुन्हा कुजबुज आली, "आई, घाबरू नकोस. मी खुर्चीतच बसलोय."

कुणीतरी फिस्सकन हसलं. मग हसू थांबलं आणि तीनशे माणसं एकदा मंचाकडे, एकदा दरवाजाकडे बघायला लागली.

"आई," धाकटी दारातूनच ओरडली, "दादा कुठे बसलाय गं? खुर्ची तर इथे आहे. ऊठ आणि दोन पावलं डावीकडे सरक."

आई उठली, लंगडत सरकली. "आई, ऐकतेस ना?" आता आवाज डाव्या पडद्यातून.

आई पांढरीफटक पडली. धाकटीने पिशवीतून कापड बेतायची कात्री काढली आणि पडदा वरपासून खालपर्यंत टराटरा कापला. मागे तिच्या कमरेएवढा काळा स्पीकर. दुसरा पडदा कापला, दुसरा स्पीकर. वायरी भिंतीकडेने मागच्या दारात गेल्या होत्या. सरांनी ते दार धाडकन उघडलं. आत खुर्चीवर, हातात माइक आणि कानाला हेडफोन लावून, नोंदणीवाल्या गोड ताई बसल्या होत्या.

"ही... ही बाई माझा मुलगा?" आई म्हणाली.

"कुजबुजीला ना बाईचा गळा असतो ना पुरुषाचा," धाकटी ओरडून सगळ्यांना सांगू लागली. "घरी जाऊन करून बघा! नवरा-बायको आळीपाळीने कुजबुजा, कोण बोललं ते ओळखा. दोन स्पीकर सारखे बोलले आणि ऐकणारा बरोबर मध्ये असला, की आवाज मधल्या रिकाम्या जागेतून आल्यासारखा वाटतो. आत्मा नाही, फ्रिक्वेन्सी नाही. माझ्या घरी बातम्या सांगणारी बाई कपाटातून बोलते, या बघायला!"

"यंत्र निव्वळ माध्यम आहे!" खुर्चीबाबा मागे सरकत होता. "आत्मा ताईंच्या मुखातून..."

"गप!" हा आवाज आईचा होता.

ती लंगडत मागच्या दारापर्यंत गेली. ताईंच्या हातातला माइक काढून घेतला. "आता म्हण. स्पीकरशिवाय, माझ्या डोळ्यांत बघून 'आई' म्हण."

ताई हेडफोन काढून ठेवू लागल्या.

"माझा मुलगा मला कधी आई म्हणालाच नाही," आई माइकमधून म्हणाली आणि तिचा आवाज पडदे फाडलेल्या हॉलभर घुमला. "'अगं ए' म्हणायचा. उद्धट होता मेला. इथे येऊन 'आई, आई' करायला लागला, तर मला वाटलं, गेल्यावर सुधारला. पहिल्याच दिवशी खटकलं होतं मला. गिळलं. तुझ्या खांद्यावर रडले मी, आणि त्याच रडण्यातलं उचलून तू मला सुया बंद करायला लावल्यास!"

खुर्चीबाबा जिन्याकडे पळाला. पण दरवाजात खुर्ची आडवी होती आणि खुर्चीपुढे माणसं. त्याला कुणी हात लावला नाही. सरांनीच लावू दिला नाही. पोलीस येईपर्यंत त्याला त्याच्याच आसनावर, डोकं उशीला टेकवून बसवून ठेवलं. "मान हलवायची नाही," मागच्या रांगेतून एक जण सांगत होता.

आईने त्याच दुपारी इंजेक्शन घेतलं. पण उशीर झाला होता. अकराव्या दिवशी अंगठा काढावा लागला. पाय वाचला, एवढंच.

त्यानंतर बाबाचे दोन भक्त फुलं घेऊन घरी आले. "माफ करून टाका, काकू. बाबांच्या हातून चूक झाली, पण तुमचंही वय झालं, मनात राग कशाला ठेवायचा?"

आईने बँडेज बांधलेला पाय उचलून टीपॉयवर, फुलांच्या शेजारी ठेवला.

"राग ठेवणार," ती म्हणाली. "कोर्टात उभं करीपर्यंत ठेवणार. या पायाने जाऊन साक्ष देणार आहे मी. आणि तुम्ही दोघं रे, कुठे बसायचात हॉलमध्ये?"

"उजवीकडे," एक जण पुटपुटला.

"आवाज कुठून यायचा?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"कान तुमचे होते ना? तीनशे माणसांना पडद्यातनं ऐकू येत होतं, आणि एकाने तोंड उघडलं असतं तर माझा अंगठा आज जागेवर असता. मी खटकलेलं गिळलं, त्याची शिक्षा भोगतेय. तुम्ही तरी आता गिळू नका. जे ऐकलं ते साक्षीला येऊन सांगा."