नऊवरचा काटा

सुशीलाने बटण फिरवले तसा व्होल्टमीटरचा काटा सरकत नऊवर येऊन थांबला. तिने समाधानाने रेडिओच्या तारा जोडल्या. रेडिओ गप्पच राहिला, आणि काटा दोनच्याही खाली कोसळला.

“बाई, तुमचो काटो बोलता, पेटी बोलना नाय,” ओसरीच्या कडेला बसलेला दत्ताराम तांडेल हसला.

घरमालकीण हौसाबाई हसली नाही. गेल्या वर्षी वादळाची खबर न मिळाल्याने तिचा थोरला मुलगा समुद्रातून परतला नव्हता. नारळी पौर्णिमा होऊन तारकर्लीच्या होड्या पाण्यात गेल्या. दत्तारामची होडी मात्र तिच्या धाकट्या शिवासाठी अडून होती. “रेडिओ दर्या बरो आसा म्हणान सांगात, तेवाच माझो झील जातलो,” असा शब्द तिने चारचौघांत दिला होता. पण पावसात रेडिओचे सेल फुगले आणि मालवणात नवे मिळेनात. तिच्याकडेच बिऱ्हाड केलेल्या, हायस्कुलात विज्ञान शिकवणाऱ्या सुशीलाने मग हे काम अंगावर घेतले. लॉरीची बॅटरी बारा व्होल्टांची, रेडिओला हवे नऊ. मधली वाटणी या फिरत्या बटणाच्या पोटेन्शिओमीटरने करायची होती.

तिने तारा काढल्या; काटा नऊवर. जोडल्या, पुन्हा खाली. बटण आणखी पुढे रेटण्याचा मोह तिने आवरला. रेडिओचा आवाज जरा कमी करताच विजेचा दाब वर उसळून तो जळला असता.

“मी चुकीचं मोजलं,” ती म्हणाली. “रेडिओ जोडलेलाच नव्हता तेव्हा. या पोटेन्शिओमीटरचा रोध फार मोठा आहे. रेडिओ प्रवाह मागू लागला की तो वरच्या भागातून येता येताच दाब तिथे खर्च होतो.”

“रिकामी रापण कोणय ओढता,” दत्ताराम म्हणाला. “जाळ्यात मासळी इली काय दोर कळता.”

“आज रवांदे, बाई,” हौसाबाई हळूच म्हणाली. “तुमी दमलात.”

“नाही. आज होणारच.”

सुशीला उन्हातून शाळेत गेली आणि जाड तारेचा, थोड्या रोधाचा रिओस्टॅट घेऊन आली. यात बॅटरीचा बराच प्रवाह वाया जाणार होता. पण त्यापुढे रेडिओची मागणी किरकोळ ठरणार होती. या वेळी रेडिओ जोडलेला ठेवूनच तिने सरकपट्टी हलवली.

खरखर झाली. मग संथ, स्पष्ट आवाज आला. बातम्यांनंतर हवामान: किनाऱ्यालगत समुद्र शांत राहील.

दारात बसलेला शिवा उठून उभा राहिला. दत्ताराम हौसाबाईकडे पाहत होता. तिचा हात रेडिओच्या बटणापाशी गेला होता आणि तिथेच थांबला होता.

आता कुठे सुशीलाला ते ‘आज रवांदे’ खरे ऐकू आले. तिचे बोट सरकपट्टीवर होते. जरासे मागे ओढले असते तर आवाज बुडाला असता. तिने बोट उचलून घेतले.

“काटो खंय आसा, बाई?” हौसाबाईने विचारले.

“नऊच्या जरा खाली आलाय. पण टिकून आहे.”

“टिकलो मां? मगे झाला.”

हौसाबाई पदर खोचून आत गेली. थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून भाकरी थापल्याचा आवाज येऊ लागला.