विहिरीचा हिरवा शालू

हे मी लिहिणारच नव्हतो. टाइप केलं, डिलीट केलं, परत टाइप केलं. कारण यात माझ्या मित्राची, दीपकची आई आहे. पण ज्याच्यामुळे हे झालं तो बाबा आता लालबागकडे दुसरी विहीर शोधतोय म्हणतात. म्हणून लिहितो.

आमची चाळ चिंचपोकळीला. मागे जुनी विहीर, पाणी कायम शेवाळाने हिरवं. दीपकची धाकटी बहीण श्रेया लहानपणी तिच्यात बुडाली. तेव्हापासून वर जाळी.

त्या रविवारी जाळी काढलेली आणि भोवती ही गर्दी! निर्मळनाथ महाराज, हाच तो बाबा, माइकवर.

"हे शेवाळ नव्हे, माउली! हा अतृप्त जीवाचा हिरवा शालू! हा आम्ही उतरवणार!"

"हिंदमाताच्या साडी मार्केटमधून घेतलाय का विचार," मी दीपकच्या कानात म्हटलं. तो हसला नाही.

महाराजांनी मूठ मूठ भस्म टाकलं. चेल्याने कळशीतून तीर्थ ओतलं. आठवड्याभरात पाणी नितळ. कुणी कधी न पाहिलेल्या पायऱ्या दिसायला लागल्या, पार तळापर्यंत.

आमचे सीतारामकाका मिलमधले, कुणाच्या बापावर विश्वास न ठेवणारे. त्यांनी आधीच विहिरीचं हिरवं पाणी बादलीत घेऊन भस्माची चिमूट टाकून बघितली होती. बादली हिरवीच राहिली.

"म्हणजे पावडरीत काय नाय रे," काका सगळ्यांना सांगत सुटले, "महाराजांच्या हातात आहे, हातात!" त्यांनीच हात जोडल्यावर अख्खी चाळ वाकली.

मग बेडूक गप्प झाले. मासे उलटे होऊन वर आले. त्या पाण्यात काहीच हलेना. वाकून बघितलं की आपलंच तोंड दिसायचं, आणि खाली त्या पायऱ्या. खरं सांगतो, मी बुद्धविहारात वाढलेला पोरगा, भूत मानत नाही. तरी तिकडून जाताना पाय उचलून चालायचो.

दीपकची आई, सुभद्राकाकी, रोज सकाळी त्यातलं वाटीभर पाणी प्यायची.

"माझा चेडू मोकळा झाला रे, सम्यक. पाणी बघ, कसा नितळ झाला." चेडू म्हणजे पोरगी, काकी मालवणी बोलते.

तिचं तोंड आलेलं. पोटात काही टिकत नव्हतं. दीपक रडकुंडीला. "डॉक्टरकडे चल म्हटलं तर म्हणते, पोरीच्या हातचं पाणी आहे. तूच काहीतरी कर ना यार."

तेवढ्यात विहीर परत हिरवी व्हायला लागली. पण हे हिरवं वेगळं, निळसर, बुळबुळीत, घाण वासाचं. महाराज म्हणाले, जीव अर्धाच सुटलाय, दुसरी पूजा लागेल, मोठी.

मी लोकांचे फिश टँक सांभाळतो. व्हिडिओ बघून शिकलोय सगळं. माशांच्या पिल्लांना लागणारे बारीक किडे हिरव्या पाण्यावर वाढतात, म्हणून विहिरीचं जुनं पाणी माझ्या गॅलरीत कॅनमध्ये होतंच. चार बाटल्या भरल्या. एकीत काहीच नाही. एकीत प्रसादाचं भस्म. एकीत तीर्थ. चौथीत दोन्ही.

पहिल्या तीन हिरव्याच. चौथी आधी पिवळी पडली, मग नितळ. काकांनी दोन्ही एकत्र घालून बघितलंच नव्हतं!

परळच्या कॉलेजात बॉटनी शिकवणाऱ्या मेघना मॅडमनी भस्म आणि तीर्थ लॅबमधून तपासून आणलं. दोन्हीत तणनाशक. वेगवेगळं.

"एकेक इतकं थोडं, की शेवाळ सहन करतं," मॅडम म्हणाल्या. "एकत्र आलं की उन्हावर अन्न बनवणंच बंद पडतं. मेलेलं शेवाळ कुजताना पाण्यातला ऑक्सिजन संपतो, म्हणून मासे गेले. आणि जी जात या विषाला पुरून उरली, तीच आता मोकळ्या रानात वाढतेय."

दुसऱ्या पूजेला मी बाटल्या विहिरीच्या कठड्यावर मांडल्या. मॅडमनी माइक घेऊन सगळं सांगितलं. काका पुढे झाले, तीर्थाची वाटी भरून.

"घ्या महाराज. एकच घोट."

"आज आमचं मौन आहे," महाराज माइकवर बोलले. लोक आधी हसले, मग चिडले. त्या गोंधळात महाराज सटकले.

काकी हसली नाही. पाण्याकडे बघत राहिली.

"म्हणजे ती थयच आसा? त्याच पाण्यात?"

दीपक मान खाली घालून उभा.

"इतक्या वर्षांत तो महाराज एकलोच तिचा नाव घेऊन बोललो माझ्याशी," काकी म्हणाली. "तुमी सगळे गप."

दुसऱ्या दिवशी ती स्वतःहून हॉस्पिटलला आली. डॉक्टर म्हणाले, अजून काही दिवस प्यायली असती तर कठीण होतं.

लोकहो, संशय घ्या, पण काकांसारखा अर्धा घेऊन थांबू नका. जे जे पाण्यात पडलं ते सगळं एकत्र घालून बघा. आणि नितळ म्हणजे चांगलं, हे डोक्यातून काढा.

दीपक, तू हे वाचशील. काकीला घरी आणलंस की मी रोज येईन. श्रेया गोळा खाऊन लाल जीभ दाखवत सगळ्या मजल्यांवर फिरायची, ते सांगेन. तिचं नाव घेऊन सांगेन. तुला जमेल तेव्हा तू बोल. तोवर मी बोलतो. शब्द देतो.