बेगमेची मोहर, सरपंचबाईंचा शिक्का

मी एक मोहर बोलतेय. बोराएवढी, तांबूस अकीक दगडाची, चांदीत बसवलेली. माझ्यावर एका बेगमेचं नाव उलटं कोरलंय, म्हणजे कागदावर ते सुलटं उमटतं. बादशाह पाहिले, बंडं पाहिली. पण गेल्या महिन्याभरात पातूरजवळच्या एका खेड्यात जे पाहिलं, त्यातून मी अजून सावरलेली नाही.

आधी माझ्या बेगमेबद्दल सांगते. ती बादशाहची तिसरी राणी. जनानखान्यात, पडद्यात राहायची. बाहेरच्या एकाही पुरुषाने तिचा चेहरा पाहिला नव्हता, पण दूरदूरचे सुभेदार माझा ठसा ओळखायचे. जी नदी तिने कधी पाहिली नाही, तिच्यावर तिच्या हुकमाने पूल झाला. सगळेच हुकूम काही न्यायाचे नव्हते हो! एका भल्या दिवाणाला तिने एका फटक्यात घरी बसवलं आणि त्याची जागा स्वतःच्या भावाला दिली. तेव्हा मला शरम वाटली होती.

पण मी कायम तिच्याच ओढणीच्या टोकाला. बादशाहने एकदा गमतीने मला मागायला हात पुढे केला, तर म्हणाली, "हुजूर, काय लिहायचं ते सांगा. उमटवीन मीच."

पुढे दख्खनच्या स्वारीत बाळापूरच्या छावणीत बादशाह आजारी पडला आणि गेला; बेगमही सोबत होती. त्याच दिवशी नव्या बादशाहची माणसं बेगमेची मोहर फोडायला निघाली. तिने घाईघाईने मला दासीकडे दिलं. दासी पातूरच्या वाटेने पळाली आणि घाबरून तिने मला काळ्या रानातल्या एका भेगेत टाकलं. बेगमेचं पुढे काय झालं, मला कळलं नाही. त्याचं अजून वाईट वाटतं.

मग किती पावसाळे गेले कोण जाणे. गेल्या महिन्यात तूर निंदताना वच्छलाबाईंच्या विळ्याला मी लागले. त्यांची पुतणी आकांक्षा अकोल्याला इतिहास शिकते. तिने मला कणकेच्या गोळ्यावर दाबलं, ठशाचा फोटो आपल्या सरांना पाठवला आणि उत्तर आल्यावर ओरडतच आली, "काकू, हे बेगमेची मोहर हाये! जनानखान्यातून हुकूम सोडे ते."

वच्छलाबाईंनी मला तळहातावर घेतलं. "पडद्यातल्या बाईची मोहर तिच्याच जवळ राहे?"

"हो ना. तुह्या सरपंचाच्या शिक्क्यासारखी."

काकूंनी मला पदराच्या गाठीत बांधलं. तेव्हा मला कळलं, ही बाई गावची सरपंच आहे! मी मनातल्या मनात हरखले. पुन्हा एका सत्तेच्या हातात आले म्हणायचं!

कसली सत्ता? शिक्का नत्थुजींच्या, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या, सदऱ्याच्या खिशात होता, सुपारी-तंबाखूच्या खर्र्याच्या पुडीला खेटून! सह्या तेच ठोकायचे. लोक त्यांनाच 'सरपंच साहेब' म्हणायचे. ना पडदा, ना पहारा. बाई उघड्या तोंडाने गावभर फिरते आणि तिचा शिक्का दुसऱ्याच्या खिशात! मी दगडाची आहे, तरी मला घाम फुटायची वेळ आली.

वच्छलाबाईंनी बचत गटाच्या बायांना शब्द दिला होता, अंगणवाडीमागच्या जागेवर मिरची कांडपाचं शेड बांधू. गेल्या सोमवारी ग्रामसभा भरली. मी त्यांच्या पदराच्या गाठीत होते. ग्रामसेवकाने वाचलं, "सदर जागा खताच्या गोदामासाठी देण्यास सरपंचांची मंजुरी आहे." गोदाम नत्थुजींच्या दोस्ताचं.

बाया वच्छलाबाईंकडे बघायला लागल्या. गटातली पंचफुला तर उठूनच उभी राहिली. "काहून वो वच्छला, आमाले शब्द देल्ला अन हे काय करून राहिली तू?"

"मी?" वच्छलाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. "मले तर आत्ताच समजलं."

"तुले काय समजते त्यातलं?" नत्थुजी हसले. "जाय, चहाचं पाय."

पदराची गाठ माझ्यासकट त्यांच्या मुठीत आवळली गेली. त्या चहाचं बघायला गेल्या नाहीत. सरळ टेबलापाशी आल्या आणि भर सभेत नवऱ्यापुढे हात पसरला. "शिक्का द्या."

नत्थुजींनी इकडेतिकडे पाहिलं, त्यांच्या बाजूने कोणीच बोलेना. शेवटी खिशातून शिक्का निघाला, सुपारीच्या चुऱ्यासकट.

"लिहा," वच्छलाबाई ग्रामसेवकाला म्हणाल्या. "गोदाम नामंजूर. जागा शेडसाठी."

त्याने लिहिलं. बाईंनी सही केली आणि शिक्का दाबला. सरपंच होऊन दोन वर्षं झाली होती, पण शिक्का त्यांनी हातात धरला तो त्या दिवशी पहिल्यांदा.

"बाई, उलटा पडला," ग्रामसेवक म्हणाला.

"पडू द्या. माहा हाये."

उद्या मला तहसील कचेरीत जमा करणार आहेत, तिथून संग्रहालयात. खुशाल करा, काचेमागे राहायला माझी ना नाही. एवढंच मागते, त्या बाईचा शिक्का पुन्हा कोणाच्या खिशात जाऊ देऊ नका.